नऊ इंची कॉलमला गोल सिलिंडरचा आकडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर आपण पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आभार. पावसाळा संपला की सोसायट्यांच्या सभांत हाच विषय असतो आणि त्यावर मराठीत धड काही वाचायला मिळत नाही. पण त्याच पानावरच्या चौकटीत मोठ्या टायपात जे छापलं आहे, ‘कार्बन फायबरचा एक थर गुंडाळला की कॉलमची ताकद पावणेदोन पट’, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आकडा खोटा नाही. असे आकडे मी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिलेले आहेत. पण तो आकडा ज्या कॉलमचा आहे तसा कॉलम माझ्या इमारतीत नाही, तुमच्या नसावा, आणि त्या पानावर ज्या इमारतीचा फोटो आहे तिच्यातही दिसत नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात, साहित्य-चाचणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. पदवीधर इंजिनिअर नव्हे, डिप्लोमावाली. डिझाइन सर लोक करत, फोडायचं काम माझ्याकडे. एम.ई.ची आणि पीएच.डी.ची मुलं सिलिंडर ओतून ठेवत, अठ्ठावीस दिवस पाण्यात राहिले की आम्ही ते दाबयंत्राखाली घालत असू. फायबरवर प्रबंध करायची लाट आली तेव्हा तर आठवडाच्या आठवडा इपॉक्सीचा, म्हणजे फायबर चिकटवायच्या रेझिनचा, वास अंगाला असायचा.

तिथे काय होतं ते आधी सांगते. साधा सिलिंडर १५० मिलिमीटर व्यासाचा, ३०० मिलिमीटर उंच. दाब द्यायला लागलं की तो थोडा आखूड होतो आणि थोडा बाजूंनी फुगतो. सुरुवातीचा हा फुगवटा इतका कमी असतो की गेज लावल्याशिवाय कळत नाही. उभ्या दिशेत तो प्रमाणात जेवढा आखूड होतो, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा आडव्यात फुगतो. कमाल भार जवळ आला की आतल्या बारीक चिरा एकमेकींना जाऊन मिळतात आणि मग काँक्रिट भराभर फुगू लागतं. यंत्राच्या तबकडीवरचा काळा काटा मागे फिरतो, लाल काटा वरच्या आकड्यावर थांबतो, सिलिंडर उभ्या भेगा पडून सुटतो. संपलं.

त्याच सिलिंडरला इपॉक्सीत भिजवलेली कार्बनची पट्टी आडवी गुंडाळली, तर पहिला भाग जवळपास तसाच जातो. हे वाचकांनी नीट लक्षात घ्यावं, कारण कोटेशनमध्ये ते लिहिलेलं नसतं. साधा सिलिंडर जिथे फुटला असता तिथपर्यंत पट्टीला फारसं कामच नाही. धागे आडवे आहेत, उभा भार ते घेत नाहीत. काँक्रिट आतून मोडायला लागलं, फुगलं, की पट्टी ताणली जाते आणि ताणली गेली की आत दाबते. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो ती तापवून. पाणी मारलं की ती आवळते आणि त्या क्षणापासून चाकाला धरून ठेवते. फायबरची पट्टी अशी आवळलेली नसते, नुसती चिकटून बसलेली असते. कॉलम मोडायला लागेपर्यंत ती वाट बघते. म्हणजे कॉलमवर आज जो भार आहे त्यातला काही ती स्वतःकडे घेते, हा समज मुळातच चुकीचा.

ती कामाला लागली की मात्र बघण्यासारखं असतं. काटा पुन्हा चढू लागतो. आधीपेक्षा सावकाश, पण सरळ रेषेत. मधे मधे रेझिन तडकल्याचा आवाज येतो. मग एका क्षणी बार उडाल्यासारखा आवाज होऊन पट्टी फाटते आणि आतलं काँक्रिट भुगा होऊन खाली येतं. मशिनभोवती जाळी लावल्याशिवाय आम्ही मुलांना जवळ येऊ देत नसू.

पोलादी नळीत काँक्रिट भरून दाबलं की प्रकार निराळा. सुरुवातीला पोलादच काँक्रिटपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे नळी आणि काँक्रिट यांच्यात धरपकड नसते. पुढे काँक्रिट चिरा पडून फुगायला लागलं की ते नळीला गाठतं आणि मग नळी त्याला आवळते. पोलाद नमतं तिथून पुढे त्याचा जोर वाढत नाही, पण ते सोडतही नाही. टोकाजवळ नळीला फुगवटा येतो, भार हळूहळू उतरतो, आवाज नाही. फायबर उलट: शेवटपर्यंत जोर वाढवत नेतं आणि एकदम तुटतं. हे दोन स्वभाव एकत्र आणले तर काय, यावर जगभर काम झालं आहे. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या जे. जी. टेंग यांच्या गटाने पुढे आणलेला कॉलम मला सगळ्यांत आवडतो. बाहेर फायबरची नळी, आत पोलादी नळी, दोहोंच्या मधे काँक्रिट, आणि मधला गाभा पोकळ. बाहेरची नळी काँक्रिटला आवळते आणि ती गंजत नाही. आतल्या पोलादाला बाहेरच्या हवेपासून काँक्रिटचं आणि फायबरचं पांघरूण मिळतं. पोलादी नळीला बाहेरच्या बाजूने मुरडायला जागा नाही, कारण तिथे काँक्रिट आहे. उभा भार काँक्रिट आणि पोलाद वाटून घेतात. पुलाच्या खांबांना, खाऱ्या हवेत, हे उत्तम. पण तो खांब गोल असतो.

गोल असतो, इथेच सगळं आहे.

बाजूने आवळलं की काँक्रिटची उभी ताकद वाढते, हे फायबर येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कोंसिदेर यांनी काँक्रिटभोवती पोलादी वेटोळं घालून ते दाखवलं. १९२८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँटझेग आणि ब्राउन यांनी आकडा दिला: बाजूने जेवढा दाब द्याल त्याच्या ४.१ पट उभ्या ताकदीत भर. फायबरच्या पट्टीसाठी हा गुणक आता ३.३ धरतात, अमेरिकन काँक्रिट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेतही तोच आहे.

आता हिशेब करू. बाजारात सर्रास मिळणारं कार्बनचं कापड, एका थराची धाग्यांची जाडी ०.१६७ मिलिमीटर, ताठरपणा २३० गिगापास्कल, म्हणजे पोलादापेक्षा थोडा जास्त. नुसती पट्टी खेचली तर साधारण दीड टक्का ताणून तुटते. कॉलमभोवती ती त्याआधीच तुटते, म्हणून ०.९ टक्के धरू. १५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर यातून आतल्या बाजूला ४.६ मेगापास्कल दाब मिळतो. गुणिले ३.३, म्हणजे १५ मेगापास्कलची भर. सिलिंडरचं काँक्रिट २० मेगापास्कलचं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दोनशे किलो झेलणारं असेल, तर ते ३५ वर जातं. पावणेदोन पट. तुमची चौकट बरोबर आली.

तोच एक थर ४५० मिलिमीटर व्यासाच्या गोल कॉलमवर गुंडाळा. पट्टीची जाडी तीच, कॉलम तिप्पट, म्हणून आतला दाब एक तृतीयांश. भर १५ ची नाही, ५ ची. अजून कॉलम गोलच आहे.

आता आपला खरा कॉलम घ्या, २३० बाय ४५०. नऊ इंच बाय अठरा इंच. पट्टी आत दाबते ती फक्त जिथे वळते तिथे, म्हणजे चार कोपऱ्यांत. सपाट बाजूवर ती सरळ आहे. सरळ ताणलेली पट्टी आडवं ढकलू शकत नाही, काँक्रिट फुगलं की तीही बाहेर वाकते. कोपऱ्याकोपऱ्यांमधे कमानी धरल्या तर त्या कमानींच्या आतलं काँक्रिटच काय ते आवळलं जातं, बाहेरचं मोकळं. शिवाय कॉलम जितका फळीसारखा लांबट, तितका हा परिणाम आणखी घसरतो. कोपऱ्यांना २५ मिलिमीटर गोलाई दिली असं धरून अमेरिकन मार्गदर्शिकेच्या पद्धतीने मी आकडेमोड केली. त्याच एका थराने काँक्रिटच्या ताकदीत भर पडते ती ०.६ मेगापास्कलची. शून्य पॉइंट सहा. २० वर ३ टक्के. टनांत सांगायचं तर तुमच्या चौकटीवरून सोसायटीचा सेक्रेटरी समजेल की कॉलमला दीडशे टनांहून जास्त बळ आलं, प्रत्यक्षात आलं सहा टनांचं. तेही कागदावर, कारण एका थराचा आतला दाब इतका थोडा भरतो की तो हिशेबात धरण्यासाठी मार्गदर्शिकेने ठरवलेल्या किमान मर्यादेलाही, म्हणजे काँक्रिटच्या ताकदीच्या ८ टक्क्यांना, पोचत नाही. तीन थर दिले तर ९ टक्के भर. आणि २३० बाय ६०० चा कॉलम असेल तर? लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त झाली की चाचणी करून सिद्ध केल्याशिवाय वाढीव ताकद धरूच नका, असं तीच मार्गदर्शिका सांगते.

कोपऱ्याच्या गोलाईचंही एक आहे. किमान १३ मिलिमीटर हवी, नाहीतर धारेवर धागे आधी तुटतात. कागदावर २५ लिहायला काही लागत नाही. जुन्या कॉलमवर ग्राइंडर फिरवायला गेलं की पुष्कळदा आधी रिंगच, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणारी आडवी सळईच, लागते, कारण नकाशात ४० मिलिमीटर असलेलं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रिटचा थर, साइटवर पंधरा-वीसच असतं. मग कारागीर तिथेच थांबतो, वर पुट्टी मारतो, आणि पट्टी चढते.

आपल्याकडे नऊ इंची कॉलम का, हे वेगळं सांगायला नको. विटेची भिंत नऊ इंची, कॉलम तिच्यात लपला पाहिजे, खोलीत बाहेर आलेला कोपरा कुणालाच नको. बिल्डरला दोष देणं सोपं आहे. फ्लॅट बघायला जाऊन ‘हा कॉलम मधेच का आला, कपाट कुठे ठेवायचं?’ असं विचारणारे आपणच होतो. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक आयएस १३९२० याची २०१६ ची आवृत्ती कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर मागते. त्याआधी उभ्या राहिलेल्या इमारतींचं काय, हाच तर दुरुस्तीचा प्रश्न आहे.

याचा अर्थ फायबर निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. आमच्या विभागातले एक सर ते म्हणायचे आणि मी त्यांच्याशी वाद घालायचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत स्टिल्टवरच्या, म्हणजे खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम असलेल्या, इमारती बसल्या. तिथल्या कॉलमांत रिंगा लांब लांब होत्या, त्यांचे हुक काटकोनात वाकवलेले होते आणि धक्का बसताच उघडले. आपल्याकडच्या त्या काळच्या इमारतींतही रिंगा पुष्कळदा तशाच असतात. अशा कॉलमला आडवी पट्टी म्हणजे बाहेरून घातलेल्या रिंगाच. आडव्या धक्क्याने पडणाऱ्या तिरक्या भेगांना ती शिवून धरते, आणि या कामात सपाट बाजू इतकी आड येत नाही. उभ्या सळ्या बाहेर मुरडण्यालाही, विशेषतः कोपऱ्यांतल्या, ती काही प्रमाणात अडवते. भूकंपासाठी गुंडाळता आहात? बरं. वरचा मजला चढवायचा आहे, किंवा भार झेपत नाही असं ऑडिटमध्ये आलं आहे, म्हणून नऊ इंची कॉलमला गुंडाळता आहात? मग पैसे वाया.

त्यासाठी दुसरे मार्ग आहेत, आणि त्यात काँक्रिट किंवा पोलाद आल्याशिवाय भागत नाही. चौकोनाच्या सपाट बाजूंवर काँक्रिट चढवून आकार आधी लंबगोल करायचा आणि मग फायबर गुंडाळायचं, हे चाचण्यांत चांगलं चालतं. चार कोपऱ्यांना पोलादी अँगल उभे करून त्यांना आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या आणि मागची फट ग्राउटने भरायची, हा जुना, भरवशाचा उपाय. अँगल वरखाली स्लॅबला आणि बीमला नीट भिडलेले हवेत, नाहीतर ते नुसतेच उभे राहतात. किंवा सरळ सळ्या लावून काँक्रिटचं जॅकेट. जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचं भारतीय मानक आयएस १५९८८ त्याला किमान १०० मिलिमीटर जाडी मागतं, म्हणजे नऊ इंचाचा कॉलम सतरा इंचांचा होतो. यातलं कुठलंही केलं तरी आधी टेकू देऊन कॉलमवरचा भार शक्य तितका उतरवायला हवा, नाहीतर नव्या मालावर भार येतो तो पुढे वाढणारा तेवढाच.

आमच्या सोसायटीत हेच झालं. स्टिल्टवर चार मजले, १९९० च्या दशकातली इमारत. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये सगळ्या कॉलमांना ‘कार्बन रॅप, एक थर’, आणि सोबत चकचकीत माहितीपत्रक. त्यातल्या आलेखाखाली अगदी बारीक अक्षरांत नमुन्याचं माप होतं, १५० बाय ३००. ते मी सभेत वाचून दाखवलं. तुमच्या हिशेबात कॉलमचं माप कुठलं धरलंय, असं विचारल्यावर हिशेबच नव्हता, दर तेवढा होता. पुढे स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी ज्या कॉलमांवर भार खरोखरच जास्त होता त्यांना काँक्रिटचं जॅकेट आणि बाकीच्यांना, भूकंपासाठी म्हणून, फायबर असं ठरवून दिलं. आता जॅकेटमुळे एका सभासदाची गाडी लागत नाही आणि तो माझ्याशी बोलत नाही. इलाज नाही.

गंजाबद्दल थोडक्यात. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, त्यानेच कव्हर उडतं. पोकळ वाजणारं काँक्रिट न काढता, सळ्या न घासता वरून पट्टी मारली तर गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. पुढच्या ऑडिटला हातोडी मारून बघायची सोय गेलेली असते. आपल्या लेखातल्या एका फोटोत पट्टीच्या कडेला तांबूस ओघळ दिसतो, तो कुणी पाहिला का? आणि आग. हे इपॉक्सी साठ-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हल्ली स्टिल्टमध्ये कॉलमला टेकवूनच स्कूटर चार्जिंगला लावलेली असते. म्हणून फायबर नसतानाही कॉलम रोजचा भार पेलू शकला पाहिजे, ही अट आधी बघायची असते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. म्हणजे येत्या काळात आपल्या वाचकांतल्या पुष्कळांसमोर असं कोटेशन येणार आहे आणि त्यांतले काही जण आपल्या चौकटीचं कात्रण घेऊन सभेला बसणार आहेत. त्यांनी ठेकेदाराला ताकद किती पट होणार हे विचारू नये. माझ्या या कॉलमच्या मापाला, या कोपऱ्याच्या गोलाईला आणि इतक्या थरांना भर किती पडते, याचा सही केलेला कागद मागावा. पट्टी चिकटवल्यावर ती काही ठिकाणी ओढून बघण्याची चाचणीही कोटेशनमध्येच लिहून घ्यावी.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच टायपात, दुसरी चौकट छापावी: एक थर, १५० मिलिमीटरचा गोल सिलिंडर, भर ७५ टक्के, तोच एक थर, २३० बाय ४५० चा कॉलम, भर ३ टक्के. जागा कमी पडली तर फोटो लहान करा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यिका (स्थापत्य विभाग),
डोंबिवली (पूर्व)